नळ, बोअर, टँकर, जार: मराठवाड्यातल्या घरानं आपलं पिण्याचं पाणी कसं पारखावं

आमच्या घरात वर्षभरात चार तऱ्हेचं पाणी प्यायलं जातं. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत ग्रामपंचायतीच्या नळाचं. नळ आठ-दहा दिवसांवर गेला की शेजारच्या बोअरचं. बोअर पाण्याऐवजी हवा ओकायला लागला की टँकरचं. आणि घरात बारसं, साखरपुडा निघाला की थंड पाण्याचे जार. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात हे काही वेगळं नाही. बीड, जालना, धाराशिवकडची पाहुणेमंडळीही हीच रड सांगतात. लातूर शहरानं तर २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलं.

म्हणून ‘आमच्या घरचं पाणी चांगलं आहे’ या वाक्याला आपल्याकडे फारसा अर्थ नाही. आज कुठलं पाणी भरलंय, हे आधी विचारावं लागतं.

जल जीवन मिशन आलं तेव्हा पाणी तपासायला गावोगावी पाच-पाच बायकांना शिकवलं. आमच्या गावच्या पाचांत मी होते. त्या पेटीतल्या बाटल्या, थेंब आणि रंगांचे तक्ते हाताळताना मला एक गोष्ट पक्की कळली. पाण्याची खोड दोन जातींची असते, एक जंतूंची आणि दुसरी क्षारांची. एकीवरचा उपाय दुसरीला चालत नाही, कधीकधी उलटा पडतो. कावीळ करणारं पाणी उकळलं की निभावतं. नायट्रेटचं पाणी उकळलं तर वाफ उडून जाते आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे पाणी आटलं तेवढं ते दाटच होतं. कुठलीही मशीन, पावडर किंवा फिल्टर घेण्याआधी आपल्या पाण्याची खोड कुठली, हे शोधायचं.

आधी घरातल्या घरात बघा

काचेचा ग्लास भरा आणि उजेडात धरा. गढूळ दिसलं, गाळ बसला, गटाराचा वास आला तर ते सरळ जंतूंच्या बाजूचं समजा. पाणी स्वच्छ दिसलं म्हणून मात्र सुटलो असं नाही. पटकीचे जंतू दिसत नाहीत, फ्लोराइडला चव नसते.

क्षारांची खूण स्वयंपाकघरात सापडते. माझ्या सासूबाईंनी ती कुठल्याही पेटीशिवाय ओळखली होती. बोअरचं पाणी सुरू झालं की दुसऱ्याच दिवशी त्या म्हणायच्या, “आज डाळ कुकरला चार शिट्ट्या जास्त मागतीय, पाणी बदललं.” कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हरभरा टणक राहतो, साबणाला फेस येत नाही, पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो आणि चहा मचूळ लागतो. पण जड पाणी म्हणजे घातक पाणी नव्हे. भारतीय मानकात (आयएस १०५००) एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. आपला बहुतेक मुलूख काळ्या पाषाणाचा, त्यातून झिरपून आलेलं पाणी थोडंफार जड असणारच. त्याचा त्रास मुख्यतः बाईच्या हातांना, कुकरला आणि गिझरला होतो.

मग तपासणी

गावात ग्रामपंचायतीकडे तपासणी पेटी असते. तिच्यात आम्लता, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह अशा रासायनिक चाचण्या होतात. जंतूंसाठी एचटूएसची छोटी बाटली वेगळी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि घरात २४ ते ४८ तास ठेवायचं. काळं झालं तर पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू असण्याची दाट शक्यता. लग्नाच्या मांडवातल्या एका जारचं पाणी मी असंच भरून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली शाईसारखी झाली होती. मांडवात मात्र ‘फिल्टरचं पाणी आहे’ म्हणून सगळ्यांनी तेच प्यायलेलं. एक सांभाळा: ज्या बोअरच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्यासारखा वास येतो, त्याची बाटली जंतू नसतानाही काळी पडू शकते. तिथं प्रयोगशाळेला पर्याय नाही.

पेटीनं अंदाज येतो, निकाल प्रयोगशाळेचा धरायचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. ग्रामपंचायतीमार्फत नमुना गेला तर उत्तम, स्वतःच्या बोअरचा नमुना फी भरून स्वतःही देता येतो. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, एवढं करायलाच हवं.

निम्मे नमुने भरण्यातच बिघडतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

रासायनिक तपासणीला लिटर-दोन लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली चालते. कोल्ड्रिंकची चालेल, तेलाची किंवा औषधाची नको. बोअर आधी पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, नाहीतर पाइपात मुरलेलं पाणीच बाटलीत जातं. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा.

जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, ती निर्जंतुक केलेली असते. ही विसळायची नाही. नळाची तोटी कापसाच्या पेटत्या बोळ्यानं किंवा लायटरनं शेकून घ्या (प्लास्टिकची असेल तर स्पिरिटनं पुसा), दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, झाकण हातातच धरा, खाली ठेवू नका, बाटलीच्या तोंडाला आतून बोट लावू नका. वर थोडी जागा मोकळी ठेवा. थर्मासात किंवा बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. २४ तासांच्या पुढं तो नमुना कामाचा नाही. बाटलीवर गाव, स्रोत, तारीख, वेळ आणि शेवटचं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कधी टाकलं ते लिहा. आमच्या इथं एकदा दहा बाटल्या एका पोत्यात घालून एसटीनं पाठवल्या गेल्या. पोचल्या तेव्हा चिठ्ठ्या सुटलेल्या आणि कुठलं पाणी कुठल्या विहिरीचं, कुणालाच सांगता येईना.

अहवाल हातात आला की

अहवालात पंधरा-वीस ओळी असतात, पण आपण चारच आधी बघायच्या.

पहिली ई-कोलाय. १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. इथं ‘थोडं चालतं’ नाही.

दुसरी फ्लोराइड. १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १.५ ही शेवटची हद्द. नांदेड जिल्ह्यात, विशेषतः किनवटच्या बाजूला, या त्रासाची गावं आहेत. तिथला खडक आपल्या काळ्या पाषाणापेक्षा वेगळा, ग्रॅनाइटच्या जातीचा आहे आणि त्यातून फ्लोराइड विरघळून पाण्यात उतरतं. बोअर जितका खोल, पाणी जितकं जुनं, तितका धोका वाढतो. मूल साधारण आठ वर्षांचं होईपर्यंत हे पाणी पोटात गेलं की पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. ते घासून जात नाहीत, मुलांना उगाच रागावू नका. मोठ्यांमध्ये पाठ-मान आखडते. घरी बघायचं तर हनुवटी छातीला टेकते का, हात मानेमागं जातात का, गुडघे न वाकवता पायाच्या अंगठ्याला बोट लागतं का. एखादी गोष्ट जमली नाही म्हणून लगेच फ्लोराइडवर खापर फोडायचं नाही, पण एका वस्तीतल्या बऱ्याच जणांना जमत नसेल तर पाणी तपासायलाच हवं.

तिसरी नायट्रेट. ४५ मिलिग्रॅम, यात सवलत नाही. युरिया, उकिरडा आणि शौचालयाचे शोषखड्डे ही त्याची घरं. बोअरपासून शोषखड्डा निदान ५० फूट लांब हवा. आपल्या गल्ल्यांत दोन घरांच्या भिंतीही तेवढ्या लांब नसतात, ही खरी अडचण. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरच्या दुधात असं पाणी गेलं तर रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. घरात तान्हं बाळ असेल आणि बोअरचं नायट्रेट ४५ च्या वर असेल तर बाळाला अंगावरचंच दूध द्या. ते शक्य नसेल तर वरच्या दुधाला दुसरीकडचं पाणी आणा.

चौथी टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार. ५०० पर्यंत चांगलं, नाइलाजानं २००० पर्यंत. ही ओळ मुद्दाम शेवटी घेतली, कारण बाजारात हीच पहिली दाखवतात.

टीडीएसच्या मीटरनं फसू नका

पेनासारखं मीटर दोन-चारशे रुपयांना मिळतं. ते क्षारांची बेरीज सांगतं, त्यात कॅल्शियम किती आणि फ्लोराइड किती हे सांगत नाही. जंतूंबद्दल तर मुकंच आहे. गटार मिसळलेलं नळाचं पाणी मीटरवर ३०० दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल.

दारावर येणारे विक्रेते आणखी एक खेळ करतात. दोन ग्लास, एकात आपलं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत सळ्यांचं यंत्र सोडतात. मिनिटभरात आपला ग्लास तांबडा-काळा होतो, त्यांचा स्वच्छ राहतो. बघणाऱ्याला मळमळतं. तो मळ आपल्या पाण्यातला नसतो, लोखंडाच्या सळीचा गंज असतो. क्षारांमुळे पाण्यातून वीज जाते आणि सळी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार नसतात म्हणून वीज जात नाही. त्यांच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि यंत्र पुन्हा सोडायला सांगा.

आरओ वाईट आहे असं मी म्हणत नाही. फ्लोराइड किंवा नायट्रेट हद्दीबाहेर असेल, टीडीएस हजार-दोन हजारांकडे झुकत असेल, तर घरगुती उपायांत आरओच कामाला येतो. पण फ्लोराइड-नायट्रेट हद्दीत असेल तर पाचशेच्या आतल्या टीडीएसच्या नळाच्या पाण्याला त्याची गरज नाही. तिथं गाळून क्लोरीन करणं किंवा उकळणं पुरतं. आरओ एक भांडं पाणी देताना दोन-तीन भांडी फेकतो, ती बादलीत धरा आणि फरशीला, संडासाला वापरा. आणि काड्या (फिल्टर) वेळेवर बदला. वर्षानुवर्षं न बदललेला फिल्टर म्हणजे जंतूंची खानावळ.

टीसीएल: किती, कसं

जंतूंवरचं आपलं हत्यार टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतं. पिशवी उघडी राहिली, ओल लागली, ऊन लागलं की ते उडतं. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर म्हणजे निव्वळ चुना. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात फुटक्या पोत्यात पडलेली पावडर कितीही ओतली तरी उपयोग नाही. झाकणाच्या डब्यात, अंधारात, कोरडी ठेवायची.

माप असं: हजार लिटरला अडीच ग्रॅम. दहा हजारांच्या टँकरला २५ ग्रॅम. विहिरीसाठी हिशेब सोपा करून ठेवला आहे. विहिरीचा व्यास फुटांत, त्याला पुन्हा व्यासानं गुणा, पाण्याच्या खोलीनं गुणा आणि शेवटी २२ नं गुणा. आले तेवढे लिटर. वीस फूट व्यासाची विहीर आणि दहा फूट पाणी म्हणजे ८८,००० लिटर, पावडर २२० ग्रॅम.

पावडर तशीच विहिरीत फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, एका बादलीत १०० ग्रॅमच्या वर नको. मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. खाली बसलेला चुना टाकून द्या, तो पाणी आणखी जड करतो. वरचं निवळ पोहऱ्यात घेऊन विहिरीत सोडा आणि वरखाली घुसळा. तासभर कुणी पाणी शेंदायचं नाही. हे काम संध्याकाळी केलं तर सकाळपर्यंत वेळ मिळतो.

घरी दोनशे लिटरच्या बॅरलला अर्धा ग्रॅम कोण मोजणार? त्यासाठी मूळ द्रावण करा. एक लिटर पाण्यात १५ ग्रॅम पावडर कालवा, निवळू द्या, वरचं पाणी गडद रंगाच्या बाटलीत भरा आणि बाटलीवर तारीख टाका. आठवड्यात संपवा. दोनशे लिटरच्या बॅरलला यातलं ४० मिलिलिटर आणि वीस लिटरच्या हंड्याला चहाचा एक चमचा. अर्धा तास थांबा, मग प्या. आरोग्य उपकेंद्रात मेडिक्लोर (क्लोरीनचं तयार द्रावण) मिळालं तर त्याचं माप बाटलीवर असतं तेच धरा, माझं हे माप त्याला लावू नका. लहान मुलांच्या हाताला ही बाटली लागू देऊ नका आणि टीसीएल कधीही संडास धुण्याच्या ॲसिडजवळ नेऊ नका, दोन्ही मिसळले की विषारी वायू सुटतो.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळातच संपतं. आधी तुरटी फिरवा, दोन तास निवळू द्या, वरचं पाणी चौपदरी धुतलेल्या कापडातून गाळा आणि मग क्लोरीन घाला. तुरटी गाळ बसवते, जंतू मारत नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत तुरटी फिरवली की काम झालं असं समजतात.

टाकलेलं पुरलं का, हे ओटी टेस्टनं कळतं. नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, आणि पिवळा रंग तक्त्याशी जुळवायचा. काही पेट्यांत रंग गुलाबी येतो. गावातल्या सगळ्यात शेवटच्या नळाला लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दिसायला हवं. टाकीखालच्या नळाला बघून वहीत ‘ओके’ लिहिणारे जलसुरक्षक (ग्रामपंचायतीचे पाणी बघणारे) मी पाहिलेत. वस्तीच्या टोकाला जाऊन बघा. तपासलेलं पाणी फेकून द्या, पिऊ नका.

नळाजवळचा खड्डा

दाब कमी म्हणून आपण नळाला खड्डा खणतो, दोन-तीन फूट खाली तोटीविना पाइप उघडा. पाणी येतं तेव्हा सगळं छान. पाणी गेलं की पाइप रिकामा होताना उलटा ओढतो आणि खड्ड्यात साचलेलं धुण्याभांड्याचं पाणी आत खेचून घेतो. पुढच्या पाळीला तेच पाणी सगळ्या गल्लीच्या हंड्यात. नळाला थेट मोटर लावणारे याच्या एक पायरी पुढं आहेत. जिथं पाइप फुटलेला असेल तिथून ती गटार ओढते. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की आठवड्यात गॅस्ट्रोचे रुग्ण का दिसायला लागतात, त्याचं बरंचसं उत्तर या खड्ड्यांत आणि व्हॉल्व्हच्या तुंबलेल्या चेंबरमध्ये आहे.

तोटी बसवा, खड्डा बुजवा, निदान त्यात पाणी साचू देऊ नका. नळ आला की पहिली पाच मिनिटं पाणी वापराच्या बादलीत घ्या, प्यायचं नंतर भरा. दहा दिवसांचं पाणी साठवणं आपल्याला चुकत नाही, पण प्यायचं भांडं वेगळं, झाकलेलं आणि चबुतऱ्यावर हवं. घ्यायला लांब दांड्याचं ओगराळं. ग्लास बुडवून हाताचं पाणी माठात गेलं की वर केलेलं सगळं वाया. आठवड्यातून एक दिवस बॅरल पूर्ण रिकामं करून आतून घासायचं, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

टँकर आणि जार

टँकर आला की दोन प्रश्न विचारायचे: पाणी कुठून भरलं आणि टीसीएल टाकलं का? चालक वैतागेल, विचारा. टँकर सार्वजनिक विहिरीत ओतत असतील तर विहिरीचं माप धरून टीसीएल टाका. कुणाच्या शेतातल्या विहिरीचं पाणी असेल आणि शेजारी उसाला खतं पडत असतील तर नायट्रेटची तपासणी करून घ्या.

जारचं पाणी थंड असतं, शुद्ध असतंच असं नाही. गारव्यानं जंतू मरत नाहीत, फक्त चव लपते. सुटे जार भरणाऱ्याकडे जाऊन एकदा बघून या: जार आतून कशानं धुतात, झाकणं कुठं पडलेली असतात, अहवाल कधीचा आहे. अहवाल मागितला की चेहरा कसा होतो, त्यावरूनही बरंच कळतं. कार्यात जारच घ्यायचे असतील तर सकाळी एका जारची ओटी करा. क्लोरीन शून्य आलं तर हंड्याला सांगितलं त्याच मापानं मूळ द्रावण घाला.

वीज नाही, गॅस संपला, पावडर नाही, असा दिवस आला तर आपल्याकडे ऊन फुकट आहे. पारदर्शक, ओरखडे नसलेली पाण्याची प्लास्टिक बाटली, स्वच्छ पाणी, पत्र्यावर आडवी सहा तास. आभाळ असेल तर दोन दिवस. गढूळ पाण्याला हे चालत नाही आणि क्षारांना तर नाहीच.

बिघडलं तर कुणाला गाठायचं

गावाच्या पाण्याला वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमाराला, कार्ड मिळतं: लाल, पिवळं किंवा हिरवं. आपल्या ग्रामपंचायतीचं कोणतं, हे ग्रामसभेत विचारा आणि लाल असेल तर कशामुळे तेही वाचून दाखवायला लावा. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक निघतं: विहिरीला कठडा नाही, शेजारी उकिरडा, टीसीएलचा साठा नाही.

एकाच गल्लीत दोन-तीन घरांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर वाट बघू नका. आशाताईंना आणि उपकेंद्राला कळवा, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या ग्रामसेवकांना) नळ थांबवायला सांगा, त्या दिवशी टाकीतलं, शेवटच्या नळाचं आणि घरात साठवलेलं, अशा तिन्ही ठिकाणच्या पाण्याचे नमुने बाटलीत धरून ठेवा. आजारी माणसाला लगेच जलसंजीवनी: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त होऊ देऊ नका. घोट-घोट पाजत राहा. मूल लघवी करेनासं झालं, डोळे खोल गेले, निपचित पडलं तर पाजत-पाजतच दवाखाना गाठायचा.

आणि फ्लोराइडचं पाणी निघालेला बोअर असेल तर त्याच्या हापशाला लाल रंग मारून घ्या. धुण्याभांड्याला वापरा, प्यायला नको. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी, पहिल्या दोन पावसांचं सोडून, स्वच्छ टाकीत धरलं तर प्यायला-स्वयंपाकाला काही महिने तरी पुरतं. त्यात फ्लोराइड जवळपास नसतं. क्लोरीन मात्र त्यालाही लागतं, कारण पत्र्यावर कबुतरं बसतात.